रजेचा अर्ज

"अकरा वाजलेत," विराज म्हणाला. "एकपर्यंत पान चालू झालं, तर तुझं टेम्प्लेट. नाही झालं, तर आपली जुनी पद्धत. ठरलं?"

"ठरलं," देवश्री म्हणाली.

सर्जापूर रोडवरच्या त्या ऑफिसात विराजच्या टीमची जुनी पद्धत सोपी होती. नवं वेब ॲप करायचं झालं की आधीचं कॉपी करायचं आणि नाव बदलायचं. आधीच्या चुका आपोआप सोबत यायच्या. देवश्रीला दिसत नसे. तिचा लॅपटॉप हेडफोनमधून तिला स्क्रीन वाचून दाखवी, आणि टीमच्या नऊही ॲप्समध्ये तो म्हणायचा, बटण. मग पुन्हा, बटण. कशाचं बटण, ते त्यावरचं चित्र बघणाऱ्यालाच कळे. तिने नऊ वेळा तक्रार नोंदवली. नऊ वेळा उत्तर आलं, पुढच्या रिलीजला बघू.

तेव्हा तिने नव्या ॲपची सुरुवातच स्वतः बांधायला घेतली. तीन महिने लागले. आता रिकाम्या फोल्डरमध्ये एक कमांड दिली की ॲपचा सगळा सांगाडा उभा राहायचा, आणि त्यात जे नीट वाचून दाखवता येणार नाही ते पुढेच जायचं नाही.

आज ते टेम्प्लेट पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. पान होतं रजेच्या अर्जाचं. अर्ज पोचवण्याची मागची सगळी व्यवस्था तयार होती, फक्त माणसाला समोर दिसणारं पान हवं होतं. ते करायला विराजने मुद्दाम ईशानला बसवलं होतं. टीममध्ये त्याच्याइतकी घाई कोणालाच नसायची.

ईशानने कमांड दिली. पाच मिनिटांत कोरं ॲप उघडलं.

"अरे, चाललं की!"

त्याने तारखेचा रकाना टाकला, कारणाचा टाकला, खाली बाणाचं चित्र असलेलं बटण ठेवलं. काम अडलं. लाल अक्षरं आली: या बटणाला नाव नाही. ते काय करतं ते लिहा.

"मी हेच म्हणत होतो," विराज म्हणाला. "घाईच्या वेळी हे आडवं येणार. बंद कर ती तपासणी."

ईशानने देवश्रीकडे पाहिलं.

"बंद करता येते," ती म्हणाली. "कोणी केली आणि का, तेवढं लिहावं लागतं. ते सगळ्यांना दिसतं."

ईशानची बोटं थांबली. दाराशी कॉफीचा कप घेऊन शिवलीला मॅडम उभ्या होत्या. हा सगळा विभाग त्यांच्या हाताखाली होता.

"लिही की," त्या म्हणाल्या. "मलाबी वाचायचंय."

ईशानने कारण लिहिलं नाही. बटणाला नाव दिलं: अर्ज पाठवा. लाल अक्षरं गेली.

"दहा सेकंद लागले," तो पुटपुटला.

आणखी दोनदा अडलं. दुसऱ्या वेळी त्याने लाल अक्षरं पुरती वाचलीही नाहीत, हात आपणहून दुरुस्तीकडे गेला. बारा वीसला पान तयार होतं.

"सरी, बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता भरून कोण बघणार?"

देवश्रीने आपला लॅपटॉप पुढे ओढला होता.

चार वर्षं तिचा रजेचा अर्ज दुसरं कोणीतरी भरत आलं होतं. कधी ईशान, कधी रिसेप्शनवरची भाग्यलक्ष्मी. शेजारी उभं राहून कारण तोंडाने सांगावं लागायचं. आईचं ऑपरेशन, घटस्फोटाची तारीख. आजूबाजूची टेबलं तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

तिच्या लॅपटॉपची स्क्रीन नेहमीसारखी काळी होती. उजेडाची तिला गरज नव्हती. तिघांना दिसत होती ती फक्त तिची बोटं. टॅब. तारीख. टॅब. कारणापाशी ती बराच वेळ टाइप करत राहिली. एकदा स्वतःशीच हसली, एक शब्द खोडून दुसरा लिहिला. मग टॅब, आणि एंटर.

विराजचा फोन वाजला. त्याने अर्ज उघडला, वाचला आणि मंजूर केला.

देवश्रीच्या हेडफोनमध्ये आवाज आला: अर्ज मंजूर. तिने दोन्ही हात वर केले आणि खुर्ची गर्रकन फिरवली. "झालं!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरची माणसं काचेतून आत बघायला लागली. मॅडमनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"काय कारण दिलंय रे?" ईशान विराजच्या फोनकडे वाकला.

विराजने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"अर्ज माझ्याकडे आलाय," तो म्हणाला. "तू जुनी नऊ ॲप्स उघड. त्यांतल्या बटणांना नावं द्यायचीत."