दाराशी वीट

“ताई, ती वीट काढू नका हं. दार आपोआप लागतं,” माळीकाका म्हणाले होते. तिने नुसती मान हलवली. बागेतल्या स्वच्छतागृहाच्या दारात मळकी वीट, लेक अडखळायची. म्हणून तिने ती पायाने बाजूला सारली. एवढं शिकून आता विटेबद्दलही ऐकून घ्यायचं?

दार लागलं. आतली मूठ केव्हाच गळून पडली होती. पत्र्याच्या त्या खोलीत फोनला रेंज नव्हती, आणि बाहेर झाडांना पाणी सोडणारा पंप असा धडधडत होता की तिच्या हाका तिलाच ऐकू येईनात. पंप थांबला तेव्हा कुठे माळीकाका धावत आले. तोवर पोर रडून रडून तिच्या खांद्यावर झोपली होती.

त्या दिवसापासून तिने नगरपालिकेचा पिच्छा पुरवला.

“नवऱ्याला कधी इतके फोन केले नसतील,” सासूबाई म्हणायच्या.

“एका मुठीसाठी किती डोकं फोडशील?” नवरा विचारायचा.

“मूठ बसेपर्यंत.”

शेवटी आज उद्यान विभागाचे साहेब उगवले. कडक इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. त्यांनी बाहेर उभ्या उभ्याच दाराची मूठ फिरवून पाहिली.

“छान उघडतं की. कसली तक्रार?”

“आतून उघडत नाही, साहेब. आत मूठच नाहीये.”

“मॅडम, बागा सांभाळून केस पिकले माझे. पोर जरा रडलं की तुम्हा आयांचा जीव खालीवर.”

“माझा झाला तो झाला. उद्या दुसरीचा होऊ नये म्हणून तुम्हाला बोलावलं.”

साहेबांनी फोन बाहेर काढला. “आत जाऊन एक फोटो काढतो. रंग नवा आहे, छान येईल. प्रकरण मिटलं. ती वीट उचला आधी, फोटोत बरी दिसत नाही.”

“पण वीट काढली की दार—”

“बाग तुमची की आमची?”

तिने लेकीला जवळ ओढलं.

“तुमची,” ती म्हणाली.

फाटकाशी माळीकाका पंप सुरू करायच्या तयारीत होते. लेकीचा हात धरून ती येताना दिसली तसे ते थांबले.

“काय म्हणाले साहेब?”

“दार छान आहे म्हणाले.”

“म्हणजे हरलात म्हणा.” त्यांनी उसासा टाकून बटण दाबलं. पंप धडधडू लागला. त्यावर ती काय बोलली, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

“आई, पिशवी मी धरू?” लेकीने रस्त्यात विचारलं.

“नको गं राणी, जड आहे.”

सासूबाई दारातच उभ्या होत्या. “बसवली का मूठ तुझ्या नगरपालिकेने?”

“उद्या बसवतील.”

“साहेबांनी शब्द दिला?”

“देतील.”

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. लेकीची टोपी काढली, पाण्याची बाटली काढली. मग दोन्ही हात घालून वीट काढली आणि नळाखाली स्वच्छ धुतली.

तुमचं त्या बागेवरून जाणं होणार असेल, तर साहेबांची तेवढी चौकशी करून या. दार बाहेरून छान उघडतं.