सोललेल्या बिया

"एकशे अठरा ग्रॅम." डॉक्टरांनी शेठला काट्यावरून उचललं. "महिन्यात नऊ ग्रॅम वाढला. बाई, याला देता तरी काय?"

"तुम्ही सांगितलंत तेच. संध्याकाळी चमचाभर दाणे, काकडीची चकती. वर कणभर नाही," थोरली म्हणाली. त्यात खोटं अक्षर नव्हतं.

"सूर्यफुलाच्या बिया?"

"माझ्या पेटीत बी पडत नाही."

डॉक्टरांनी शेठचं पोट चाचपलं. जर्बिल म्हणजे पाळीव वाळवंटी उंदीर; तीन वर्षांचा झाला की पिकलं पानच. हल्ली त्याला धाप लागायची, मागचे पाय फरपटायचे. "आणखी वाढला तर याचं हृदय थकेल. मग माझ्याही हातात काही नाही."

मग धाकटीने आपला कारकून काट्यावर ठेवला. अठ्ठ्याहत्तर. तो काट्यावरही दोन पायांवर उभा राहून मिशा हलवत होता.

"बघा. एका वेतातले सख्खे भाऊ. याला म्हणतात निगा," डॉक्टर म्हणाले.

"माझं कसलं काय, त्याचा अंगलोटच तसा आहे," धाकटी म्हणाली आणि खाली बघू लागली.

थोरलीला ते खाली बघणंच जास्त झोंबलं. मिरवली असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

दोघी सख्ख्या जावा. जर्बिल आणले तेव्हा ते एकाच काचेच्या पेटीत राहायचे. मग म्हातारपणी भावाभावांचं बिनसलं, एकमेकांचे कान चावून फाडले, आणि पेट्या वेगळ्या झाल्या. शेठ थोरलीच्या खोलीत, कारकून धाकटीच्या. धाकटीला नोकरी होती, नवरा होता, फोन करणारी लेक होती. थोरलीला नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पोर नाही. रोज संध्याकाळी काच वाजवली की भुशातून डोकं वर काढणारा शेठ तेवढा तिचा. तो गेला की संपलं.

आणि तिथेही धाकटीच वरचढ.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पहिल्यांदा कारकुनाचं कौतुक केलं होतं. दुसऱ्याच दिवशी थोरलीने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आणली. दुपारी धाकटी कामावर असायची. थोरली चष्मा लावून एकेक बी सोलायची, कारण टरफल सापडलं तर बोंब झाली असती. मूठभर झाल्या की धाकटीच्या खोलीत जायची, झाकण उचकटायची, बिया भुशातल्या बिळाच्या तोंडाशी ओतायची आणि मागे न बघता बाहेर पडायची. दिवसा दोघेही जर्बिल आपापल्या बिळात गडप असायचे. तिला त्या मेल्याचं तोंड बघायचंही नव्हतं. फुगू दे एकदा, मग बघू कोणाची निगा.

फुगत मात्र होता तिचाच शेठ.

त्या तपासणीनंतर तिने एकाच्या दोन मुठी केल्या. वर शेंगदाणे. नखं दुखायची, पण हात थांबत नव्हता. शेठचा चमचा तिने अर्ध्यावर आणला. तो त्यातलंही निम्मं टाकायचा, तिच्या ओंजळीत बसून धापा टाकायचा. "तुझ्या वाटचं तो हडपतोय रे बाबा," ती त्याला म्हणायची, "पण मी आहे ना."

आठवड्याभराने धाकटी दुपारीच घरी आली. थोरली नुकतीच तिच्या खोलीतून बाहेर पडून ओट्याशी हात धूत होती.

"आज लवकर?" थोरली म्हणाली.

"अर्धा दिवस टाकला. ताई, रागावणार नसाल तर एक सांगायचं होतं."

"रागवायला मी काय तुझी सासू आहे? बोल."

"मी डॉक्टरांना एकटीनेच जाऊन विचारलं होतं. म्हटलं, शेठ असा सुस्तावलाय, काही उपाय? ते म्हणाले, एकटा पडलाय तो. भावाभावांना परत एकत्र आणून बघा."

"फाडून खातील एकमेकांना."

"एकदम नाही हो. आधी वास अंगवळणी पाडायचा. याला रोज त्याच्या पेटीत ठेवायचं, त्याला याच्या." धाकटी थोडी लाजली. "तुम्ही तर कोणाला हात लावू देत नाही. म्हणून गुपचूप केलं. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की अदलाबदल, संध्याकाळी फिरायला गेलात की परत जागच्या जागी. दोन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. आज दोघांना समोरासमोर आणायचंय, तेही तुमच्या हाताने."

थोरलीने नळ बंद केला नाही.

धाकटी आपल्या खोलीत गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला, मग भुसा सारल्याचा.

"उठा शेठ," ती आतून म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, जरा हळू. आणि मग, "ताई, इकडे या जरा."