पडदा उभा राहील एवढा हॉल

पंचशीला शेडमध्ये शिरली तेव्हा दत्तारामकाका पडद्याच्या मधोमध उकिडवे बसून रंगवत होते. अनवाणी. काशीमीऱ्याच्या या गल्लीत पसरलेल्या पडद्यावर कोणी चपला घालून पाय ठेवत नाही. नाटकांचे, सिरियलींचे, जयंतीच्या स्टेजचे पडदे इथे जमिनीवर रंगवायचे, मग कप्पीवर ओढून उभे करायचे आणि रस्त्यापलीकडून बघायचे. पडदा उभा केल्याशिवाय त्यातली चूक दिसत नाही. तिचे वडील, केरबा, याच शेडमध्ये हे काम करता करता गेले.

"बरी आलीस!" काका म्हणाले. "तुझ्याच साहेबांची ऑर्डर हाय. भूमिपूजनाच्या स्टेजचा पडदा. सकाळी न्यायला येतायत."

पडद्यावर बिल्डर साहेबांसाठी तिनेच डिझाइन केलेला प्रकल्प होता. दोन टॉवर, मध्ये ऑफिसं, खाली दुकानं. आणि गल्लीच्या तोंडाशी पंचवीस फूट उंचीचा हॉल, पडदे रंगवणाऱ्यांसाठी. तो तिने जीव ओतून काढला होता. दिवाळीत त्याचं चित्र तिने स्वतः या शेडच्या भिंतीवर चिकटवलं, आणि आठवड्याभरात गल्लीतल्या चौदाही घरांनी गल्ली पाडून नवं बांधायच्या संमतीपत्रावर सह्या केल्या.

कालच्या मीटिंगमध्ये तो हॉल गेला. तिथे आता फूड कोर्ट आणि त्याच्यावर आणखी एक मजला दुकानं. पडदेवाल्यांना चौथ्या मजल्यावर गाळे, दहा फूट उंचीचे. गेटवर नाव मात्र 'कलाचौक' असणार होतं, तेवढी हौस साहेबांना होती. पंचशीला दीड तास भांडली. "संमती आल्यात ना मॅडम?" एवढंच साहेब म्हणाले, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षात बसून तिने वाक्य जुळवून आणलं होतं. आता ते तोंडावाटे निघेना.

"दरवाजा सोळा फुटी घेतलाय, तू दाखवलास तसा," काका कौतुकाने म्हणाले. "आणि आतमध्ये बघ. तो डावीकडचा कोण, ओळख."

पडद्यावरच्या हॉलमध्ये चार बारकी माणसं कप्पीचा दोर ओढत होती. डावीकडचा बुटका, एक हात कमरेवर. तिच्या वडिलांची ती सवय होती.

"नव्या हॉलमधला पहिला पडदा ओढायला तो पायजे ना," काका म्हणाले.

"काका, हॉल नाही होत." तिला रडू फुटलं. "कापला त्यांनी. तिथे फूड कोर्ट येतंय. तुम्हाला वर दहा फुटी गाळे देणारेत."

काकांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"पण सह्या केल्या ना आम्ही," ते म्हणाले, जणू तिलाच विचारत होते. "केरबाच्या पोरीचा नकाशा म्हणून कोणी कागद वाचला पण नाय."

"मी खूप भांडले, काका."

"भांडली असशील."

त्यांनी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पांढऱ्यात थोडा काळा कालवला, फूड कोर्टच्या भिंतीला शोभेल असा राखाडी करून घेतला. मग डब्यातून केरबांचा जुना ब्रश शोधून काढला आणि पडद्याच्या मधूनच तिच्याकडे हात लांब केला.

"तूच बुजव. माझा हात नाय व्हायचा त्याच्यावर रंग लावायला."

पंचशीलाने डोळे पुसले. ब्रश घ्यायला ती एक पाऊल पुढे आली.

"चपला काढ," काका म्हणाले.