ऊन पडलं की वीज गायब

छपरावर सोलर बसवल्यापासून नागोयाचे निवृत्त कुरामोची घराचे वीजमंत्रीच झाले होते. "सुमिए, संध्याकाळी वीज महाग असते. गाद्या सुकवायचं ते यंत्र त्या वेळी लावलंस तर याद राख!" असा त्यांनी बायकोला दमच भरला होता.

तरी बिलाचा अंदाज काही जुळेना. ढगाळ दिवशी ते घरी बसून बघत, तेव्हा वीज अगदी हिशेबाबरहुकूम तयार व्हायची. लख्ख ऊन पडलं आणि ते गळ घेऊन मासे धरायला गेले, की मोबाइलवर दिसणारा तयार विजेचा आकडा धाडकन खाली! फोनवरून सोलरवाल्याचा उद्धार करून झाला. शेवटी एका रणरणत्या दुपारी ते त्यालाच ओढत घरी घेऊन आले. "चला, दाखवतो तुमचा भिकार माल!"

माडीची खिडकी उघडून दोघांनी छपरावर नजर टाकली. सुमिए सोलरवर घरातली शेवटची गादी पसरत होती.


"अहो, ते यंत्र मी कधीच बंद केलंय. या काळ्या फळ्यांवर गाद्या कशा कडकडीत वाळतात! तुमच्या सोलरचा एवढा तरी उपयोग झाला बाई!"