तिसरी खुर्ची

"उद्यापासून जेवताना फोन नाही," बाबांनी पोळी मोडत सांगितलं.

दहावीतल्या शर्वरीने लगेच अट घातली, "मग टीव्हीपण नाही. नियम सगळ्यांना सारखा. आईची मालिकासुद्धा बंद."

बाबांना ते पटलं. "काय गं, चालेल ना?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं.

आई तव्यावरची पोळी घेऊन आली आणि बाबांच्या ताटात वाढून म्हणाली, "चालेल की. पण मी जेवायला बसते तेव्हा तुम्ही दोघं उठून गेलेले असता. मालिकेत निदान कुणीतरी बोलत असतं."

तक्रारीचा सूर नव्हता. तव्यावर दुसरी पोळी होती, म्हणून ती लगेच आत वळली.

टेबलाच्या तिसऱ्या खुर्चीवर शर्वरीचं दप्तर होतं. नेहमीच असायचं. तिने ते उचलून खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शर्वरीच्या हट्टाने आईने पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या. टीव्ही बंद ठेवून तिघंही एकदम जेवायला बसले. बाबांनी पहिला घास घेतला.

"पोळी गार झालीय गं."

आई सवयीने उठायला लागली. शर्वरीने तिचा हात धरला.

"बाबा, नियमात थोडी भर घातलीय," ती म्हणाली. "जेवताना कुणी उठायचं नाही."