अर्धा घुंगट

“शिला, सासूला एकदा येऊन बघून जा,” फोनवर रूपाबाई म्हणाली. शिलासमोर तेव्हा रिसॉर्टच्या खोल्यांचे फोटो उघडे होते.

“का हो, काय झालं?”

“काई न्हाई. बोलताना जराशी अडखळून राहिली. तू ये. तुझ्या डोळ्यानं बघ.”

“अहो, नवी कवळी बसवलीय ना महिन्याखाली. जीभ अडखळेल असं डॉक्टर म्हणालेच होते. होईल सवय.”

रूपाबाई “बरं बाई” म्हणाली आणि फोन ठेवला.

रूपाबाई गोरेगावजवळच्या तांड्यावर शिलाच्या सासूच्या, बेबीबाईच्या, भिंतीला भिंत लावून राहायची. शिला, तिचा नवरा ओमप्रकाश आणि सहा वर्षांची प्रतिक्षा हिंगोलीत. दिवाळीच्या सुट्टीत तिघं अंदमानला निघाली होती. पहिलं विमान, पहिला समुद्र, बेटावर चार दिवस मुक्काम. बेबीबाईलाही विचारलं होतं. “मला कशाला नेता? खारं पाणी. ना प्यायला, ना कापसाला,” असं म्हणून ती पोट धरून हसली होती.

शिला मुळातच धास्तावलेली. एम.एस्सी. झालेली, त्यामुळे तिची धास्तीसुद्धा वहीत मुद्दे काढून. पोहण्याचा हौद किती खोल? गच्चीच्या गजांतून लेकराचं डोकं जातं का? पाण्यात चावणारं काही? रिसॉर्टवाल्याला तिनं तीनदा फोन लावला.

“लेकरू आजारी पडलं तर दवाखाना किती लांब?”

“पच्चीस मिनट, मॅडम. बोट तैयार रहती है.”

तिनं ‘पंचवीस’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. “समुद्राचा पंचनामा झाला का?” ओमप्रकाशनं चिडवलं.

संध्याकाळी प्रतिक्षानं रूपाबाईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आजीला पोहण्याचा चष्मा दाखवायचा होता. बेबीबाई ओसरीत बसलेली दिसली. पदर असा पुढं ओढलेला, की तोंडाची उजवी बाजू पूर्ण झाकलेली. थोरले दीर समोर असले की तांड्यातल्या बायका घुंगट घेतात, साठी उलटली तरी घेतात. म्हणजे बेबीबाईचे थोरले दीर रूपसिंगबापू येऊन बसलेत, असं शिलानं धरलं.

“मासोळी दिसून राहिली गं माझी बाई!” बेबीबाई म्हणाली. शब्द घसरत होते. कवळी.

“याडी, बऱ्या आहात ना?” शिलानं विचारलं. नवऱ्याच्या तोंडून ऐकून तीही सासूला याडी, म्हणजे आईच, म्हणायची.

“मला काय धाड भरली?” बेबीबाईनं नातीला डाव्या हातानं टाटा केला.

पुढं रोज कॉल व्हायचा आणि रोज तो अर्धा घुंगट. “बापूंना दुसरं घर नाही का?” शिला एकदा नवऱ्याजवळ वैतागली. “बाईला लेकाशी धड बोलू देत नाहीत.”

निघायला दोन दिवस उरले. बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. सकाळी बेल वाजली. दारात रूपसिंगबापू, खांद्याला पिशवी. शिलानं घाईनं ओढणी डोक्यावर घेतली. पाणी दिलं.

“पोरीसाठी लाडू दिलेत लेकीनं,” बापू पिशवीत हात घालत म्हणाले. “पुसदहून येऊन राहिलो. इथून जीप धरतो तांड्याची. लई दिस झाले घर सोडून.”

“किती दिवस?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं निघालो. पंधरा दिस बराबर. काहून?”

शिलाचा हात ओढणीवरच राहिला. पंधरा दिवस ओसरीत दीर नव्हता. मग सासू कुणासमोर तोंड झाकत होती?

“अहो,” ती आत ओरडली, “गाडी काढा.”

तासाभरानं ती नवऱ्याबरोबर तांड्यावर पोचली. गाडी ओळखून बेबीबाईनं पदर ओढला. ओसरीत रूपाबाईशिवाय कुणी नव्हतं. शिलानं लग्नानंतर पहिल्यांदा सासूच्या पदराला हात घातला आणि तो बाजूला केला.

तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. उजवा हात कुणीतरी आणून मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता.

“तुमी काहून आले?” अर्ध्या तोंडानं ती म्हणाली. “पोरीचा समुद्र...”

हिंगोलीत डॉक्टरांनी स्कॅन बघितला. “लकवा. बराच जुना आहे. पहिल्या चार-साडेचार तासांत आणायला हवं होतं. तेव्हा इंजेक्शन देता येतं. आता जेवढं गेलं, त्यातलं फार परत येणार नाही.”

ओमप्रकाश भिंतीला टेकून खाली बसला. शिला सोबत आलेल्या रूपाबाईवर धावून गेली. “रोज तुम्ही फोन धरत होता! तिचं तोंड बघत होता! एका शब्दानं सांगितलं नाही?”

“प्रतिक्षाची आण घातली मला. पोरांचं जाणं मोडंल असं काई बोललीस तर बघ, म्हणे. फोन लावायच्या आधी रोज विचारायची, वाकडं दिसून राहिलं का गं? मी पदर नीट करून द्यायची.” रूपाबाईनं डोळे पुसले. “पण आण मोडली न्हाई असं न्हाई, शिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिच्या हातातली कपबशी पडली. दहाला मी तुला फोन केला.”

शिलानं मनात तास मोजले. ती मोजणी अजून थांबलेली नाही. भेटेल त्याला ती आता एवढंच सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेच मागणं आहे. गावाकडं तुमचं कुणी एकटं राहत असेल, तर आज त्याला फोन करू नका. जा.