टोपीखालच्या वेण्या

लेकीच्या दोन्ही वेण्या टोपीत कोंबता कोंबता शिंप्याला घाम फुटला. शाळेच्या टोप्या तोच शिवायचा, पण त्या मुलांच्या डोक्यांच्या मापाच्या. शेजारी मुख्याध्यापक घाई करत होते. म्हाताऱ्या ब्रदरांना आता फारसं दिसत नाही, पोरीने मान खाली घालून पुढे जावं, की झालं, असा त्यांचा बेत होता.

शाळा कॅथलिक ब्रदरांची, फक्त मुलांची. स्थापनेपासूनचा रिवाज असा, की पहिल्या दिवशी सगळ्यांत वयस्कर ब्रदर पायरीवर उभे राहतात, प्रत्येक नव्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि ‘आत ये’ म्हणतात. त्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. मुख्याध्यापकही लहानपणी असेच आत आले होते.

यंदा मुलं कमी पडली म्हणून मुलींनाही घ्यायचं ठरलं, तेव्हा म्हातारे ब्रदर भर बैठकीतून उठले आणि चॅपलमध्ये जाऊन बसले. हा नकारच, असं सगळ्यांनी धरलं. मग तो विषय त्यांच्यापुढे काढायची कुणाची छाती झाली नाही. आणि मुलगी आली ती एकच, शिंप्याची. गावातली मुलींची शाळा बंद पडल्यापासून बिचारी घरात बसून बटणांची काजं करत होती. इथेही नाही म्हटलं, तर शिक्षण संपलंच.

रांग सरकली. तिची पाळी आली. ब्रदरांनी हात पुढे केला आणि थांबले.

“टोपी काढ, बाळा.”

आशीर्वाद उघड्या डोक्यावर द्यायचा, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं. टोपीच्या नादात मुख्याध्यापक नेमकं तेच विसरले होते.

तिने टोपी काढली. ब्रदरांचा हात भांगावरून फिरला, वेणीवरून खाली रिबिनीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. चूक माझी आहे, असं काहीतरी मुख्याध्यापक पुटपुटू लागले. ब्रदरांनी त्यांना दुसऱ्या हाताने गप्प केलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मला इथे सोडायला माझी थोरली बहीण आली होती,” ते म्हणाले. “तीही या रांगेत उभी राहिली. तिला याच पायरीवरून परत पाठवलं.”

मग त्यांनी हात पुन्हा पोरीच्या डोक्यावर ठेवला.

“आत ये, ताई. फार वर्षं उभी राहिलीस.”